थर्ड शिफ्टची झोप, त्याची आणि तुझी

ताई,

मी ३४ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स. नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे, ७ वर्षं झाली. महिन्यात दोनदा नाईट लागते, सलग सहा-सहा. रात्री ८ ते सकाळी ८. नोकरीला लागले तेव्हा ५५ किलो होते, आज ६६ आहे. उंची ५ फूट २ इंच. डबा घरचाच नेते, गुरुवारचा उपास करते, बाहेरचं फार खात नाही, तरी वजन वाढतंच आहे. सकाळी ९ ला पाथर्डी फाट्याला घरी पोचते. स्वयंपाक, धुणं आवरून पडायला ११ वाजतात, १ वाजता मुलगी शाळेतून येते. सासूबाई म्हणतात, ‘दिवसा लोळतेस म्हणून अंग सुटलंय.’ मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, त्यांनाही थर्ड शिफ्ट असते, पण ते लग्नात होते तसेच बारीक आहेत. मैत्रिणी म्हणतात थायरॉईड असेल. एकजण सर्दीची गोळी घेऊन झोपते, मलाही म्हणाली घेऊन बघ. नोकरी सोडावी का? की माझंच काही चुकतंय?

– एक सिस्टर (नाव छापू नये)

सिस्टर,

तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझीही निम्मी हयात वॉर्डात गेली. आपल्यात सीनियरनं ज्युनियरला अहो-जाहो केलं की मेमो निघणार असं वाटायला लागतं.

तुझ्या पत्रात वजन आहे, उंची आहे, ड्युटीच्या वेळा आहेत. एक आकडा मात्र तू लिहिलेला नाहीस, तू झोपतेस किती. तो मला तुझ्या वेळांवरून काढावा लागला. अकराला पडतेस, एकला मुलगी येते. दोन तास. संध्याकाळी सातच्या सुमारास परत निघायचं. मधे कधी सोफ्यावर टेकल्या टेकल्या डोळा लागत असेल, तो धरून तीन म्हणू. पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट मिलीलिटरपर्यंत भरणारी तू, स्वतःच्या झोपेचा रकाना कोराच ठेवलास. तुला बोल लावत नाही. मी नोकरीत असताना माझाही तो कोराच होता.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बघू. ७ वर्षांत ११ किलो म्हणजे वर्षाला दीड किलोच्या थोडं वर, दिवसाला साधारण ४ ग्रॅम. एक किलो चरबीला अंदाजे ७७०० कॅलरी धरतात. त्या हिशेबानं तुझी रोजची शिल्लक ३०-३५ कॅलरींची, म्हणजे ग्लुकोजची दीड बिस्किटं. शरीर काही वाण्याच्या वहीसारखं चालत नाही, वजन वाढलं की त्याचा खर्चही वाढतो, तेव्हा हा हिशेब ढोबळच समज. पण अंग सुटायला माणूस खादाडच व्हावा लागतो असं नाही, एवढं त्यातून कळतं.

आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेव. २०१४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात १४ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून रात्री जागवलं आणि दिवसा झोपवलं. जेवण मोजूनमापून दिलं. नाईट सुरू झाल्यावर त्यांचं शरीर दिवसाला पन्नासेक कॅलरी कमी जाळू लागलं. म्हणजे एक घासही जास्त न खाता नाईटच्या दिवसांत शिल्लक पडू शकते. वर भुकेचा गोंधळ वेगळाच. शिकागोत २००४ साली १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. आणि भूक लागली ती पालेभाजीची नव्हे. गोड, खारट, पिठूळ असं काहीतरी हवंसं वाटू लागलं. रात्री तीनला नर्सिंग स्टेशनवर काय असतं? कुणाच्या तरी डिस्चार्जचे पेढे, फरसाणाचं उघडं पाकीट, आणि मावशींनी केलेला गोड चहा. त्या वेळी पेढ्याला नाही म्हणणं दुपारी तीनला नाही म्हणण्याइतकं सोपं नसतं. हा दोष तुझ्या मनाच्या ताकदीचा नाही.

पहाटे चारचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेताना तू बघतेसच, बऱ्याच पेशंटचं टेंपरेचर त्या वेळी दिवसातलं सगळ्यात कमी असतं. दम्याचे पेशंट त्याच सुमाराला उठून बसतात. शरीराच्या आत एक घड्याळ आहे, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये. डोळ्यांवाटे आत येणाऱ्या उजेडावर ते लावलं जातं. पेशींमधलं हे घड्याळ चालतं कसं, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. तुझं रोस्टर त्या घड्याळाला कुणी कळवलेलं नाही. तू ड्रिप लावत असतेस आणि तुझं स्वादुपिंड मात्र झोपायच्या तयारीत असतं. रात्री एक वाजता खाल्लेल्या भातानं साखर जितकी चढते, तितकी दुपारी एकला खाल्लेल्या त्याच भातानं चढत नाही. बोस्टनमध्ये २००९ साली दहा जणांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा या घड्याळाच्या पार उलट्या करून बघितल्या, तर साखर ६ टक्क्यांनी आणि इन्सुलिन २२ टक्क्यांनी वाढलं. तेही काही दिवसांत.

आणि खुद्द आपल्याच पेशाचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास १९७६ पासून चालू आहे, १९८९ मध्ये त्यात नव्या पिढीची भर पडली. दोन्हींतल्या मिळून पावणेदोन लाखांवर जणींची माहिती २०११ साली तपासली. इतर ड्युट्यांबरोबर महिन्याला किमान तीन नाईट, असं ३ ते ९ वर्षं केलेल्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका नाईट न केलेल्यांपेक्षा २० टक्के जास्त निघाला. १० ते १९ वर्षांना ४०, आणि २० वर्षांच्या पुढे ५८ टक्के. तुझी ७ वर्षं पहिल्या गटात बसतात. पण घाबरून जाण्याआधी पुढचं वाच. वजनाचा वाटा हिशेबातून वेगळा काढला तेव्हा ते २० टक्के ६ वर आले. नाईट आपल्याला त्रास देते तो बराचसा वजनाच्या वाटेनं देते, आणि ती वाट अडवता येते.

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २६.६ येतो. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच साखर आणि बीपी गाठतं. काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेव. श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोज. बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. मिस्टरांचीही मोज, पुरुषाला ९० ची मर्यादा आहे. बारीक हातापायांच्या माणसाला पोट असतं आणि ते शर्टात लपतं.

मिस्टरांवरून आठवलं. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली ओळ त्यांची आहे, आणि तू ती सहज लिहून गेलीस. ‘त्यांनाही थर्ड शिफ्ट असते.’ मला सांग, ते थर्ड करून सकाळी येतात तेव्हा घरात काय होतं? माझ्या डोळ्यांसमोर चित्र आहे, कारण सातपूर-अंबडच्या निम्म्या घरांत तेच होतं. चहा-नाश्ता हातात. बेडरूमचं दार ओढून घेतलेलं. पोरीला दटावलेलं, ‘हळू, पप्पा थर्डवरून आलेत.’ टीव्हीचा आवाज बंद. कुकर लावायचा तर आधी दार बंद आहे ना बघायचं. आणि हे सगळं कोण सांभाळतं? तू आणि सासूबाई. ते गाढ झोपतात, दुपारी अडीचला उठून जेवतात.

तू आयसीयूतून बारा तास उभी राहून येतेस. तू आलीस की मात्र घराला वाटतं, बरं झालं, आली एकदाची. कणीक भिजवायची असते, धुणं मशीनमधून काढायचं असतं, घंटागाडी तिचं गाणं वाजवत दारात उभी असते. थर्ड शिफ्ट दोघांची सारखीच. घरात एकाच झोपेला मान आहे.

तेव्हा माझा सल्ला डाएट चार्टपासून सुरू होत नाही. नाईटच्या आठवड्यात वजन उतरवायच्या फंदात पडूच नकोस. त्या सहा दिवसांत ते वाढलं नाही तरी पुष्कळ. उतरवायचं ते मॉर्निंग आणि ऑफच्या दिवसांत. नाईटच्या दिवसांचं काम एकच, झोप मिळवणं. आणि ती तुला एकटीला मिळवता येणार नाही, घरानं द्यावी लागेल.

हे सासूबाईंना तू सांगू नकोस, मिस्टरांना सांगू दे. मुलानं सांगितलं की ती अडचण असते, सुनेनं सांगितलं की ती तक्रार होते. आपल्याकडे हे असंच आहे, त्यावर वाद घालायला तुझ्याकडे आत्ता झोपेएवढीही ताकद नाही. सांगायचं घड्याळाच्या भाषेत. ‘आई, तुमची रात्र दहा ते पाच, हिची सकाळी दहा ते तीन. हिला बाराला उठवणं म्हणजे तुम्हाला रात्री बाराला उठवून पोळ्या लाटायला लावणं.’ सासूबाईंच्या पिढीत दिवसा झोपणारी सून एकतर आजारी असायची नाहीतर आळशी. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेलाच नाही. त्यांना सूट दे, पण झोपेचे तास सोडू नकोस. रोस्टर लागलं की फ्रिजवर चिकटव आणि नाईटच्या दिवसांत ‘झोप ९.४५ ते ३’ असं लाल पेनानं लिही. मुलीला एकला आजी वाढेल. सहा दिवस धुणं-भांड्यांचं काय करायचं ते मिस्टर ठरवतील, ते कंपनीत लाईन सांभाळतात, हेही जमेल. आणि मुलीला पहारेकरी नेमून टाक. माझ्या मुलानं दारावर खडूनं ‘आई नाईट’ असं लिहिलं होतं, त्याच्या परवानगीशिवाय पोस्टमनही बेल वाजवत नव्हता.

दिवस कसा बसवायचा ते सांगते. आठला सुटलीस, पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन निघालीस, की घरी येईपर्यंत डोळ्यांवर गॉगल. सकाळचं ऊन घड्याळाला सांगतं की उजाडलं, मग झोप पळते. नाशिकच्या पोरी स्कार्फ तर तशाही बांधतात, वर गॉगल चढला तर कुणी वळून बघणार नाही. घरी आल्यावर अंघोळ, थोडं खाणं, आणि पावणेदहाला आडवं. खिडकीला जाड पडदा नसेल तर जुनी सोलापुरी चादर ठोक. पंखा फुल, त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात. मोबाईल सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत. वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘क्रॅश कार्टची किल्ली कुणाकडे आहे’ हे दुपारी बाराला विचारलं जातंच, ते तू तीनला वाचलंस तरी किल्ली सापडलेली असते. तीनला उठायचं, मुलीला शेजारी घेऊन जेवायचं, जरा उन्हात बसायचं, आणि पाच ते सव्वासहा पुन्हा पडायचं. झोप नाही लागली तरी अंधारात पडायचं. दोन्ही मिळून साडेसहा तास होतात. तुझ्या आजच्या तीनच्या दुपटीहून जास्त.

पहिली नाईट सगळ्यात घातकी. त्या दिवशी आपण सकाळी सहाला उठतो, डबे करतो, ‘आज दिवसभर घरीच आहे ना’ म्हणून माळे साफ करतो, आणि रात्री तशाच ड्युटीवर जातो. दुसऱ्या दिवशी सुटताना २६ तास जागरण झालेलं असतं. पहिल्या नाईटच्या दुपारी दीड-दोन तास झोप, काही झालं तरी. शेवटच्या नाईटनंतर उलट, सकाळी दोन-तीन तासच झोपून उठायचं आणि रात्री सगळ्यांबरोबर नऊ-साडेनऊला पडायचं, म्हणजे घड्याळ परत जागेवर येतं.

आता खाणं. त्यात तुझं फार बिघडलेलं नाही, बिघडलीय ती वेळ. बोस्टनमध्येच २०२१ साली १९ जणांवर आणखी एक प्रयोग झाला. सगळे रात्रपाळीसारखे जागले. निम्मे रात्रीही जेवले, निम्म्यांना फक्त दिवसाच जेवायला दिलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. जागरण तेच होतं. म्हणून तुझं मुख्य जेवण निघायच्या आधी, पावणेसात-सातला. नागलीची किंवा बाजरीची भाकरी, भाजी, घट्ट वरण किंवा अंडं, पोटभर. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या बाजारात मिळते, तिची भाकरी पोटात बराच वेळ टिकते. डबा बाराच्या आत उघड आणि छोटा ठेव. मग पहाटेपर्यंत पाणी, आणि अगदीच पोटात कालवलं तर फुटाणे, शेंगदाणे, एखादं उकडलेलं अंडं. आयसीयूत डबा बाराच्या आत उघडायला मिळेलच असं नाही, मला माहीत आहे. दहा रात्रींपैकी सहा रात्री जमलं तरी चालेल. तुला मधुमेह किंवा त्याच्या गोळ्या असत्या तर मी हे असं सांगितलं नसतं, तेव्हा ज्या वाचणाऱ्यांना आहेत त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

सकाळी झोपण्याआधी उपाशी पडू नकोस, भुकेनं बाराला जाग येते. एखादं धिरडं, दूध, केळं, एवढं पुरे. नाईट सुटली की गँगनं मिसळीला जाण्याची आपल्या गावाची रीत आहे, ती मी मोडायला सांगणार नाही, मला नाशिकमध्ये राहायचंय. पण तर्री आणि चार पाव पोटात घेऊन लगेच आडवं झालीस की छातीत जळजळतं आणि झोपेचा विचका होतो. मिसळ शेवटच्या नाईटच्या सकाळी. त्या दिवशी तसंही कमीच झोपायचंय.

गुरुवारच्या उपासाचं म्हणशील तर नाईटमधला गुरुवार सोड, नाहीतर भगर-आमटी संध्याकाळी सातला खाऊन मोकळी हो. रात्री एकला साबुदाण्याची खिचडी हा उपास नव्हे. उपासालाही ते माहीत आहे.

चहाबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, म्हणजे भरपूर असणार. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. वर आपण ३०-३५ कॅलरींचा हिशेब केला तो आठव. साखर एकदम बंद करू नकोस, दोनाची दीड कर, मग एक. आणि शेवटचा कप रात्री दोनच्या आत. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याहून जास्त. पहाटे पाचच्या कडक चहातलं निम्मं कॅफीन दहाला तुझ्या अंगात जागंच असतं, आणि तू म्हणतेस डोळा लागत नाही.

सर्दीची गोळी नको. तिची गुंगी चार दिवसांत अंगवळणी पडते आणि मग दोन लागतात. त्याआधी ती गुंगी रात्री आठपर्यंत रेंगाळू शकते, आणि तू नॉरअ‍ॅड्रेनालिनचा रेट लावत असतेस, बीपी टिकवणाऱ्या औषधाचा. शिवाय यातल्या काही गोळ्या भूक वाढवतात. झोपेची खरी गोळी असो की मेलाटोनिन, डॉक्टरांनी तुला तपासून लिहून दिली तर घे. ड्रग ट्रॉलीतून स्वतःच घेतलेलं काहीही नको, हे तुला मी सांगायला नको.

थायरॉईड तपास, जरूर तपास, पण नाईटवरून येता येता सकाळी साडेआठला रक्त देऊन घरी जाऊ नकोस. आपण सगळ्या तेच करतो, कारण लॅब वाटेत असते. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) रात्री चढतं आणि झोप त्याला खाली ओढते. रात्रभर जागलेल्या बाईचं टीएसएच त्यामुळे वाढलेलं दिसू शकतं आणि नसलेला थायरॉईड मागे लागतो. उपाशीपोटीची साखरही जागरणानंतर खरी मिळत नाही. दोन-तीन रात्री नीट झोपल्यावर, ऑफच्या किंवा मॉर्निंगच्या दिवसांत दे. टीएसएच, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), हिमोग्लोबिन. व्हिटॅमिन डी आणि बी१२ जमलं तर, नाईटवाल्यांना ऊन दिसतच नाही. साखर १०० च्या आत आणि एचबीए१सी ५.७ च्या आत हवं. पाळी पुढेमागे होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. आणखी एक, मिस्टरांना विचार, तू घोरतेस का, घोरता घोरता श्वास अडकतो का. सकाळी डोकं जड आणि ऑफच्या दिवशी आठ तास झोपूनही पेंग येत असेल तर स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, आणि तो बायकांत उशिरा सापडतो, कारण घोरणाऱ्या बाईबद्दल कुणी बोलत नाही. ऑफच्या रात्रीही झोप येत नसेल, रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग.

व्यायामाचं थोडक्यात. नाईटच्या आठवड्यात काही नको, वॉर्डात तू चालतेच आहेस. बाकी दिवसांत तीस मिनिटं भरभर चाल, आठवड्यातून पाच वेळा, आणि दोनदा पाय-कंबरेच्या ताकदीचं काहीतरी, खुर्चीवरून हात न टेकता वीसदा उठणं-बसणं पुरे. सहा महिन्यांत ३-४ किलो उतरले तर ते तुझ्या वजनाच्या ५ टक्के होतात. तेवढ्यानंही साखर आणि बीपीत फरक दिसतो. ५५ चं स्वप्न आत्ता बघू नकोस.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण विचारायला हवी होतीस. सकाळी घरी येतेस कशी? अ‍ॅक्टिव्हावर असशील. माझी लुना होती. आपल्या द्वारका चौकात तेव्हा उड्डाणपूल नव्हता. सहावी नाईट करून येत होते, चौकात थांबले होते, आणि पुढच्या ट्रकचा हॉर्न ऐकून जागी झाले. गाडी चालू होती, पाय जमिनीवर होते, आणि मी झोपले होते. किती वेळ, देवाला ठाऊक. पुढे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० जणांवर हे मोजलं. २४ तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम, रक्तात ०.१० टक्के दारू असल्यासारखं चालतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहिल्या नाईटनंतरच्या सकाळी तू त्याच्या तिपटीवर असतेस आणि तुला कुणी फुंकर मारायला लावत नाही. पेंग असेल तर चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं डोळे मिट आणि मगच निघ. पहिल्या आणि शेवटच्या नाईटला सिटीलिंकची बस धर, किंवा मिस्टरांना न्यायला येऊ दे. पेंगत असताना गॉगलही घालू नकोस आणि किल्लीही हातात घेऊ नकोस.

रोस्टरबद्दल. सलग सहा बारा-बारा तासांच्या नाईट मला पटत नाहीत. झोपेचं कर्ज रोज साचत जातं आणि ऑफला एका रात्रीत फिटत नाही. तीन-तीनचे तुकडे, मॉर्निंगनंतर इव्हनिंग आणि इव्हनिंगनंतर नाईट असा पुढे सरकणारा क्रम, आणि दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तास, एवढं मागता येतं. एकटी मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) जाऊ नकोस, ‘तुलाच बरा त्रास होतो’ हे ऐकून परत येशील. चौघी-पाचजणी मिळून, लेखी, आणि बदललेलं रोस्टर स्वतःच बनवून घेऊन जा. मेट्रनला नकार द्यायला जितकी मेहनत पडेल, त्यापेक्षा होकार द्यायला कमी पडली पाहिजे.

राहिली नोकरी. तो निर्णय नाईटच्या आठवड्यात घेऊ नकोस, तेव्हा सगळंच सोडावंसं वाटतं, नवरासुद्धा. तीन महिने झोप जागेवर आण, रिपोर्ट येऊ देत. तरी साखर सरकत असेल किंवा कंबर वाढत असेल, तर आयसीयू सोड, नर्सिंग सोडू नकोस. ओपीडी, डायलिसिस, एंडोस्कोपी, इन्फेक्शन कंट्रोल, कॉलेजात शिकवणं, यात नाईट नसते किंवा फार कमी असते. नाईट अलाउन्स जाईल, त्याचा हिशेब आधी घरी मांडून ठेव. आयसीयूची ७ वर्षं हातात असलेली सिस्टर कुणालाही हवीच असते, तेव्हा मागताना आवाज खाली ठेवू नकोस.

सध्या एवढंच कर. फ्रिजवर रोस्टर लाव, आणि त्याच्या कडेला एक रकाना आख, रोज किती तास झोपलीस त्याचा. एक महिना भर. रिपोर्ट आणि तो कागद, दोन्हींचा फोटो मला पाठव. आणि मिस्टरांची कंबर किती भरली तेही लिही, मला उत्सुकता आहे.

– तुझी ताई